इंधनाचा दाब आणि इंजिनाचे आकडे : स्क्रू फिरवण्याआधी काय वाचायचं?

गाडीचे सुटे भाग ऑनलाइन शोधायला गेलं की ‘ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर’ नावाची एक वस्तू हमखास समोर येते. मुठीत मावेल एवढा धातूचा डबा, वर एक स्क्रू आणि बाजूला छोटं मीटर. स्क्रू आवळला की इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब वाढतो. दाब वाढला की पेट्रोल जास्त जाणार आणि पेट्रोल जास्त गेलं की गाडी जास्त जोरात पळणार, असा साधा हिशोब ग्राहकाच्या मनात तयार होतो. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, पण दुसरं बहुतेक वेळा खोटं ठरतं. ते का, हे या लेखात थोडं अंकगणित करून पाहू. त्याबरोबर, आपल्या गाडीतच साठवलेले आकडे वाचून इंधनाचा दाब बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं, तेही पाहू. यूकेत जुनी गाडी चालवणाऱ्यांना, सेकंडहॅण्ड गाडी घेणाऱ्यांना आणि दरवर्षी एमओटीच्या आधी धास्तावणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे.

ताकद हवेतून येते

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल द्रव असल्याने ते हवं तेवढं आत ढकलता येतं. हवेचं तसं नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच भागवावं लागतं.

उदाहरणासाठी २ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेऊ. ते मिनिटाला ६,००० फेरे घेतंय. दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला ६,००० लिटर, अर्थात ६ घनमीटर हवा ओढू पाहतं. वाटेतल्या अडथळ्यांमुळे त्यातली ९० टक्केच आत येते असं धरू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली तर मिनिटाला साधारण ६.५ किलो, म्हणजे सेकंदाला १०८ ग्रॅम हवा आत येते.

एवढ्या हवेत जास्तीत जास्त किती पेट्रोल जळेल? १०८ भागिले १४.७, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.३ ग्रॅम. एका ग्रॅम पेट्रोलमधून सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता मिळते, तेव्हा एकूण सव्वातीनशे किलोवॉटच्या आसपास. त्यातला सुमारे ३० टक्के भाग चाकांच्या दिशेने जातो आणि बाकीचा सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे वाया जातो. हाती उरतात साधारण ९५ किलोवॉट, म्हणजे सव्वाशेच्या थोडी वर हॉर्सपॉवर. टर्बो नसलेल्या २ लिटरच्या साध्या गाड्यांच्या माहितीपत्रकात पाहिलंत तर आकडा याच्याच आसपास सापडेल. या सगळ्या हिशोबात इंधनाचा दाब कुठेच आला नाही.

प्रत्यक्षात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन गरजेपेक्षा १०-१२ टक्के जास्त पेट्रोल घेतं. हवेतला सगळा ऑक्सिजन वापरला जावा आणि जास्तीच्या पेट्रोलच्या बाष्पीभवनाने सिलिंडर थोडा थंड राहावा, हा त्यामागचा हेतू. आपल्या उदाहरणात तो आकडा सेकंदाला सुमारे ८.३ ग्रॅम होतो. त्यापुढे पेट्रोल वाढवलं तर ताकद वाढत नाही, कमी होत जाते. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं.

फार्नबरोची चकती

इंधनाचा दाब आणि इंजिनाची गरज यांचा मेळ बसला नाही तर काय होतं, याचं ब्रिटनच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९४० सालचं आहे. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचं २७ लिटरचं मर्लिन इंजिन होतं आणि त्याला कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी फ्लोट सांभाळतो. आपल्याकडे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो, तोच प्रकार. टाकी भरली की गोळा वर येऊन पाणी बंद करतो.

वैमानिकाने विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की आतल्या सगळ्या वस्तू छताकडे उसळतात. जत्रेतल्या आकाशपाळण्यात खाली येताना पोटात गोळा येतो, त्याहून कितीतरी जोरात. अशा वेळी पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वरच्या बाजूला चिकटे आणि जेटची तोंडं उघडी पडत. इंजिनाला क्षणभर पेट्रोल मिळत नसे. हा पहिला झटका. त्याच क्षणी फ्लोटही चुकीच्या जागी जाऊन झडप सताड उघडी ठेवी. पंप पूर्ण दाबाने पेट्रोल आत ढकलत राही आणि इंजिन अक्षरशः पेट्रोलमध्ये बुडे. हा दुसरा झटका जास्त वाईट होता, कारण काळा धूर टाकत इंजिन काही काळ बंदच पडू शके. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानात थेट इंजेक्शन होतं. तो वैमानिक नाक खाली करून निसटे आणि ब्रिटिश वैमानिकाला पाठलागासाठी आधी विमान पालथं करावं लागे.

फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या बिअट्रिस शिलिंग यांनी यावर तोडगा काढला. त्यांचा जन्म १९०९ सालचा. मँचेस्टरला त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकल्या होत्या आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगाने मोटरसायकल चालवण्याबद्दलचं सुवर्ण तारा पदकही त्यांनी मिळवलं होतं. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटा अडथळा बसवला. सुरुवातीला तो शिवणकामातल्या अंगुस्तानासारखा होता, नंतर मधोमध भोक असलेली साधी चकती. भोकाचं माप असं ठरवलं होतं की पूर्ण ताकदीवर चालताना इंजिनाला लागेल त्यापेक्षा किंचितच जास्त पेट्रोल त्यातून जाईल. मग फ्लोटने झडप कितीही उघडी टाकली तरी इंजिन बुडण्याइतकं पेट्रोल येणारच नाही. १९४१ च्या सुरुवातीला त्या आणि त्यांचे सहकारी विमानतळांवर फिरून ही चकती बसवत होते. विमानं कामातून काढून कारखान्यात न्यावी लागली नाहीत. विमान सतत उलटं उडवण्याचा प्रश्न मात्र चकतीने सुटला नाही. त्यासाठी १९४३ मध्ये दाबावर चालणारा वेगळा कार्ब्युरेटर यावा लागला.

भोकाचं माप कशावरून निघालं? इंजिन पूर्ण ताकदीवर किती हवा घेतं आणि त्या हवेला किती पेट्रोल लागतं, यावरून. आणि त्याच मर्लिनची ताकद १९४० मध्ये वाढली ती कशाने? १०० ऑक्टेनचं पेट्रोल आल्यामुळे सुपरचार्जरचा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेता आला. इंजिनात जास्त हवा कोंबता आली आणि ताकद सुमारे १,०३० वरून सुमारे १,३०० हॉर्सपॉवरपर्यंत गेली. आधी हवा वाढली आणि तिच्या मापाने पेट्रोल वाढलं.

दाबाचं गणित : चौपट दाब, दुप्पट प्रवाह

आता आपल्या गाडीकडे येऊ. पेट्रोल गाड्यांच्या जुन्या आणि साध्या पद्धतीत इंजेक्टर हवेच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल फवारतो. इंधनाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. इंजेक्टर म्हणजे ठरावीक भोकाचा, विजेने उघडबंद होणारा नळ. किती पेट्रोल जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं. नळ किती वेळ उघडा आहे, आणि त्याच्या दोन बाजूंच्या दाबात किती फरक आहे.

प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. टाकी एका मजल्याऐवजी चार मजले उंच ठेवली तर नळाचं पाणी चौपट येत नाही, दुप्पट येतं. त्यामुळे १० टक्के जास्त पेट्रोल हवं असेल तर दाब २१ टक्के वाढवावा लागतो. ३ बारचा दाब ४ बार केला तर प्रवाह ३३ टक्के वाढत नाही, सुमारे १५ टक्केच वाढतो.

‘दोन बाजूंच्या दाबातला फरक’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. गाडी जागेवर उभी राहून आयडलिंग करत असते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेच्या जेमतेम तिसरा हिस्सा दाब असतो आणि ती ओढ पेट्रोल जास्त खेचते. म्हणून जुन्या रेग्युलेटरला एक बारीक रबरी नळी मॅनिफोल्डशी जोडलेली असते. आत ओढ वाढली की रेग्युलेटर दाब तेवढाच कमी करतो आणि फरक कायम राहतो. अशा गाडीत आयडलिंगला मीटरवर २.४ बारच्या आसपास दिसतात आणि ती नळी काढली की आकडा ३ बारकडे चढतो. तो चढला नाही तर रेग्युलेटर बिघडलाय किंवा नळी फाटलीय. नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, दाब कायम ठेवलेला असतो आणि मॅनिफोल्डच्या ओढीचा हिशोब गाडीचा कॉम्प्युटर करतो.

कॉम्प्युटर तुमचा स्क्रू खोडून टाकतो

समजा आपण तो रेग्युलेटर बसवला आणि दाब ३ वरून ४ बार केला. आता प्रत्येक फवाऱ्यात १५ टक्के पेट्रोल जास्त पडू लागलं. पुढे काय होतं?

सायलेन्सरच्या नळीत लॅम्डा सेन्सर असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन उरलाय की नाही हे तो पाहतो. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी बरोबर. १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, ज्याला मेकॅनिक ‘रिच’ म्हणतात. १ पेक्षा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजे ‘लीन’. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला लॅम्डा १ च्या अगदी जवळ राहावा लागतो. त्यामुळे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सेन्सरकडे पाहत इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ सतत कमीजास्त करत असतो. आपल्या स्क्रूमुळे मिश्रण रिच झालेलं त्याला लगेच कळतं आणि तो तो वेळ सुमारे १३ टक्क्यांनी कमी करतो. पेट्रोल पुन्हा पूर्वीइतकंच. गाडी होती तिथेच.

ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. तिचे दोन प्रकार. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलत राहते. लॉंग टर्म ट्रिम म्हणजे ईसीयूने अनेक फेऱ्यांतून शिकून लक्षात ठेवलेली सवय. दोन्हींची बेरीज वाचायची. +१० म्हणजे ईसीयू त्याच्या मूळ हिशोबापेक्षा १० टक्के जास्त पेट्रोल देतोय, −१० म्हणजे १० टक्के कमी.

पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर बहुतेक जुन्या गाड्या लॅम्डा सेन्सरकडे पाहणं सोडतात आणि साठवलेल्या तक्त्यावर चालतात. शिकलेली सवय तिथे लागू झाली तर तुमचा स्क्रू तिथेही निष्फळ. नाही झाली, तर आधीच रिच असलेलं मिश्रण आणखी १५ टक्के रिच होतं. दोन्ही बाबतींत ताकदीच्या बाजूने हाती काही लागत नाही.

आकडे कुठे मिळतात?

युरोपच्या नियमांनुसार पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना साधारण २००४ पासून १६ पिनांचं एक ठरावीक सॉकेट असतं. ते बहुधा स्टिअरिंगखाली असतं. त्याला ओबीडी म्हणतात. ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर ते वाचता येतं.

आतली भाषा गमतीदार साधी आहे. ट्रिमसाठी गाडी ० ते २५५ मधला एक आकडा पाठवते. १२८ म्हणजे शून्य. आकड्यातून १२८ वजा करायचे आणि १.२८ ने भागायचं. १४१ आला तर १३ भागिले १.२८, म्हणजे साधारण +१० टक्के. ॲप हेच गणित करून दाखवतं.

सुरुवातीला इतकेच आकडे टिपा :

* इंजिनाचं तापमान : साधारण ९० अंशांच्या आसपास स्थिरावल्यावरच पुढचे आकडे वाचायचे. थंड इंजिनाच्या ट्रिमवर विश्वास ठेवू नये.
* इंजिनाचे फेरे : आयडलिंगला किती आणि स्थिर आहेत का.
* हवेचा प्रवाह : सेकंदाला किती ग्रॅम. काही गाड्यांत याऐवजी मॅनिफोल्डचा दाब मिळतो.
* शॉर्ट टर्म आणि लॉंग टर्म ट्रिम : आयडलिंगला, २,५०० फेऱ्यांवर आणि चढावर.
* इंधनाचा दाब : हा सगळ्या गाड्यांत मिळत नाही. मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तसा सेन्सरच नसतो. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत मात्र ‘हवा असलेला’ आणि ‘असलेला’ असे दोन दाब बऱ्याचदा शेजारीशेजारी दिसतात.

चालत्या गाडीतले आकडे शेजारी बसलेल्याने टिपावेत किंवा ॲपला नोंद करायला लावून घरी आल्यावर पाहावेत. गाडी चालवताना फोन हातात धरला तर यूकेत २०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट होतात.

चार नमुने

दाबाचा सेन्सर नसला तरी ट्रिमवरून दाबाबद्दल बरंच कळतं. ट्रिम एकट्या न पाहता इंजिनाच्या वेगवेगळ्या अवस्थांत पाहायच्या. ±५ च्या आत असतील तर सहसा काळजी नाही. १० च्या पुढे सतत राहिल्या तर कारण शोधावं. २०-२५ च्या आसपास गेल्या की पिवळा दिवा लागतो. लीनसाठी पी०१७१ हा कोड सर्वांत ओळखीचा.

*पहिला : आयडलिंगला ट्रिम +१५ किंवा वर, पण फेरे वाढवले की जवळजवळ शून्य.* कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. समजा आयडलिंगला इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेतंय आणि फाटक्या नळीतून अर्धा ग्रॅम जास्तीची येतेय. चूक १७ टक्क्यांची झाली. २,५०० फेऱ्यांवर इंजिन १२ ग्रॅम घेत असेल तर तोच अर्धा ग्रॅम म्हणजे ४ टक्केच. इंधनाचा दाब निर्दोष आहे. एखादी रबरी नळी बदलली की काम होतं.

*दुसरा : आयडलिंगला ट्रिम ठीक, पण मोटरवेवर चढाला लागलं की +१५, +२०.* इथे इंधन कमी पडतंय. आयडलिंगला इंजिनाला सेकंदाला ०.२ ग्रॅम पेट्रोल लागतं, पूर्ण ताकदीवर ८ ग्रॅमच्या वर, म्हणजे चाळीसपट. थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर आयडलिंगची गरज सहज भागवतो आणि खरी मागणी आली की हात टेकतो. दाब ३ वरून २.४ बारवर आला तर प्रवाह सुमारे १० टक्के घटतो आणि ईसीयूला १२ टक्के भर घालावी लागते. चौघांपैकी हा नमुना सर्वांत धोक्याचा. पूर्ण ताकदीवर लॅम्डा सेन्सर पहारा देत नसतो, मिश्रण लीन होतं, सिलिंडर तापतो, नॉकिंग सुरू होतं आणि टर्बो इंजिनात पिस्टन जळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

*तिसरा : हवेचा प्रवाह वाढेल तशी ट्रिम वाढते, पण मोजलेली हवाच संशयास्पद कमी दिसते.* इंधनापेक्षा हवा मोजणारा सेन्सर मळला असण्याची शक्यता जास्त. तो आत येणारी हवा कमी सांगतो म्हणून ईसीयू पेट्रोल कमी देतो. वरचं आपलं गणित इथे उपयोगी पडतं. आपल्या इंजिनाचा आकार आणि फेरे यांवरून किती ग्रॅम हवा यायला हवी ते काढा. २ लिटरच्या इंजिनाने ६,००० फेऱ्यांवर, पूर्ण थ्रॉटलला १०० च्या आसपास दाखवायला हवं. ७५ दाखवत असेल तर सेन्सर तरी चुकतोय किंवा एअर फिल्टर तरी तुंबलाय. हा प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर करू नका. रोलिंग रोड असलेल्या गॅरेजमध्ये तो सुरक्षितपणे होतो.

*चौथा : आयडलिंगला ट्रिम −१५, वर गेल्यावर सुधारते.* नळीवाल्या जुन्या रेग्युलेटरमधला पडदा फाटला असेल तर त्याच बारीक नळीतून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. नळी काढून हुंगली तर वास येतो किंवा ती ओली सापडते. ठिणगी आणि पेट्रोल यांची गाठ पडण्याआधी हा भाग बदलायलाच हवा.

चौघांतही तक्रार एकच असू शकते : ‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाही’. चारही गाड्यांवर पंप बदलला तर त्यातल्या एकीचंच भलं होईल आणि तिघांचे पैसे वाया जातील. गॅरेजमध्ये जाताना हे आकडे लिहून नेले तर मेकॅनिकशी बोलणं नेमकं होतं.

एक सूचना. पिवळा दिवा लागला म्हणून ॲपवरचं ‘क्लिअर’ बटण लगेच दाबू नका. कोड पुसला की त्याबरोबर टिपून ठेवलेली त्या क्षणाची स्थितीही जाते, आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेली ट्रिमसुद्धा. आधी फोटो काढून ठेवा.

पेट्रोलच बदललं तर?

सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमधलं साधं पेट्रोल ई१० झालं. त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सुपर पेट्रोल ई५ राहिलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे एक किलो इथेनॉल जाळायला ९ किलोच हवा पुरते. त्यामुळे ई५ ला हवेचं प्रमाण सुमारे १४.४, ई१० ला सुमारे १४.१ पडतं. म्हणजे तेवढ्याच हवेला २ टक्के पेट्रोल जास्त लागतं आणि ट्रिम २ अंशांनी वर सरकते. हा बिघाड नव्हे. ईसीयू आपलं काम नीट करतोय एवढाच त्याचा अर्थ.

भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल आता २० टक्क्यांवर गेलं आहे.  ई२० साठी हेच प्रमाण साधारण १३.५ येतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी आखलेल्या गाडीची ट्रिम केवळ त्यामुळे +९ च्या आसपास जाऊ शकते. पुण्या-नाशिकच्या जुन्या गाडीत तुम्ही ॲप लावून +९ पाहिलंत तर पंपावर आळ घेण्याआधी टाकीत काय आहे ते आठवा. दुसरीकडे, आधीच +९ वर असलेल्या ईसीयूकडे सुधारणेला जागा कमी उरते. अशा गाडीत थोडासा तुंबलेला फिल्टरही पूर्वीपेक्षा लवकर त्रास देतो.

दाब वाढवणं योग्य कधी?

दाब वाढवण्याला जागा आहे, पण ती मर्यादित. इंजिनात जास्त हवा घालण्याची सोय केली, टर्बोचा दाब वाढवला, आणि इंजेक्टर अपुरे पडू लागले, तर दाब वाढवून त्यांच्याकडून थोडं जास्त काम घेता येतं. ६,००० फेऱ्यांवर एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. आपल्या उदाहरणात सेकंदाला ८.३ ग्रॅम पेट्रोल चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकाला सुमारे २.१ ग्रॅम येतात. पूर्ण उघडा इंजेक्टर सेकंदाला २.५ ग्रॅम देत असेल तर त्याला २० पैकी जवळजवळ १७ मिलिसेकंद उघडं राहावं लागतं. ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा ट्यूनिंग करणाऱ्यांचा प्रघात आहे, म्हणजे हा इंजेक्टर आधीच काठावर आहे. हवा आणखी १५ टक्के वाढली तर एक तर मोठे इंजेक्टर हवेत किंवा ४ बार दाब. पण त्यासोबत ईसीयूचा तक्ता बदलावा लागतो, पंप त्या दाबाला पुरेसं पेट्रोल देतो का ते तपासावं लागतं आणि लॅम्डा रोलिंग रोडवर मोजत मोजत पुढे जावं लागतं.

बाकीच्या बहुसंख्य गाड्यांत ‘परफॉर्मन्स सुधारणं’ म्हणजे उत्पादकाने ठरवलेला दाब, हवा आणि ठिणगी पुन्हा जागेवर आणणं. त्यातून मिळणारा फरक खराखुरा असतो.

सावधगिरी, एमओटी आणि विमा

थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत दाब शेकडो बार असतो, आधुनिक डिझेलमध्ये २,००० बारपर्यंत आणि त्याच्याही वर. गळती शोधायला तिथे कधीही हात फिरवू नका. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरीही ती तातडीने शस्त्रक्रिया लागणारी असू शकते. त्या नळ्या सैल करणं घरचं काम नाही. तिथे आपण आकडे वाचायचे. हवा असलेला आणि असलेला दाब चढावर एकमेकांपासून दूर जाऊ लागले, तर गॅरेज गाठायचं.

एमओटीत जुलै २००३ नंतरच्या पेट्रोल आणि जुलै २००८ नंतरच्या डिझेल गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा जळत असेल तर गाडी नापास होते. पेट्रोल गाडीच्या धुराच्या चाचणीत वाढवलेल्या फेऱ्यांवर लॅम्डा साधारण ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो. दाबाशी केलेला खेळ इथे पकडला जातो. डिझेलचा काजळीचा फिल्टर काढून टाकलेला असेल तर फेब्रुवारी २०१४ पासून तेही नापास होण्याचं कारण आहे. आणि दाब, ईसीयूचा तक्ता किंवा टर्बो बदलला तर विमा कंपनीला कळवणं आवश्यक आहे. न कळवलेल्या बदलावरून अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो आणि तो खर्च कुठल्याही रेग्युलेटरच्या किमतीत मोजता येणार नाही.

गाडी चांगली चालत असतानाच एकदा वरचे आकडे टिपून ठेवा. तापलेलं इंजिन, आयडलिंग, २,५०० फेरे आणि एक चढ, एवढं पुरे. शेजारी तारीख, मैल आणि टाकीतलं पेट्रोल कोणतं तेही लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच करा. लॉंग टर्म ट्रिम +२ वरून +५ आणि +५ वरून +९ अशी सरकताना दिसली, तर पिवळा दिवा लागण्याच्या कितीतरी आधी, फिल्टर स्वस्तात बदलता येण्याच्या वेळीच, तुम्हाला ते कळलेलं असेल.